रुचाचं एचडीएफएस

आमच्या मुलीच्या अ‍ॅडमिशनची बातमी माझ्या नवऱ्याने मंडळाच्या पाडव्याला, श्रीखंडाच्या रांगेत उभं राहून, एकोणीस जणांना सांगितली. मी मोजले. दर वेळी वाक्य तेच. "रुचाला एचडीएफएस मिळालं, स्टेट युनिव्हर्सिटीत." आणि दर वेळी समोरचा, म्हणजे शिकागोजवळच्या आमच्या नेपरव्हिलमधला कुठलाही आयटीवाला मराठी नवरा, भुवया उंचावून म्हणायचा, "अरे वा! कॉन्ग्रॅट्स यार!"

या चार अक्षरांनी या लोकांना एके काळी फार दिलंय. हडूप नावाची एक सिस्टिम आहे. डोंगराएवढा डेटा तुकडे करून शेकडो मशीनवर ठेवायचा, त्या ठेवण्याच्या पद्धतीला एचडीएफएस म्हणतात. दहा-बारा वर्षांपूर्वी ज्याच्या रेझ्युमेवर हे असायचं, त्याला घरबसल्या नोकऱ्यांचे फोन यायचे. आमच्या घराचं डाउन पेमेंट त्यातूनच उभं राहिलं. त्यामुळे माझा नवरा, उल्हास, ही अक्षरं अजूनही जरा आदरानेच उच्चारतो.

फक्त रुचाचं एचडीएफएस ते नव्हतं. तिचं होतं ह्युमन डेव्हलपमेंट अँड फॅमिली स्टडीज. माणूस पाळण्यापासून काठीपर्यंत कसा वाढतो, आणि एका घरातली माणसं एकमेकांशी कशी वागतात, याचा चार वर्षांचा अभ्यास. कॉम्प्युटरशी संबंध एवढाच, की होमवर्क त्यावर करायचा.

मला हे माहीत होतं. ऑक्टोबरमध्ये फॉर्म भरतानाच तिने मला सांगितलं होतं. आमच्या सबडिव्हिजनमध्ये, म्हणजे घरांच्या वसाहतीत, एक तळं आहे, पावसाचं पाणी साठवायला केलेलं. भारतातून सहा-सहा महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा तिथल्या बाकांवर येऊन बसतात आणि कुणाशी बोलावं हे न कळून बदकांकडे बघत राहतात. रुचाने त्यांच्यावर निबंध लिहिला होता. "हे शिकायचंय मला," ती म्हणाली. मी म्हटलं, "छान आहे, बाबाला सांग." ती म्हणाली, "यू टेल हिम." अशा रीतीने दोघींनीही सांगितलं नाही.

फेब्रुवारीत युनिव्हर्सिटीच्या पोर्टलवर तिच्या नावापुढे 'मेजर', म्हणजे मुख्य विषय, 'एचडीएफएस' असं वाचून उल्हास ओरडलाच, "माय गॉड, ही तर माझ्या लाइनमध्ये आली!" त्याने तिला मिठी मारली. त्याच्या खांद्यावरून तिने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे बघितलं, आणि दोघीही गप्प राहिलो. तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. पण लग्नाला पंचवीस वर्षं झाली तरी इतका खूश झालेला नवरा मी चार-पाचदाच पाहिलाय, म्हटलं दोन दिवस राहू दे. दोन दिवसांचे पाच आठवडे झाले. नागपूरला माझ्या आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "एचडीएफसी का? बँकेत लागली का गं?"

तर, श्रीखंडाची रांग. संजय उल्हासच्याच कंपनीतला. तो म्हणाला, "बॅचलर्सला एचडीएफएस? अजून शिकवतात हे? सगळं क्लाउडवर गेलं ना आता."

"टूल्स येतात नि जातात रे," उल्हास म्हणाला. "फाउंडेशन पक्कं लागतं."

विसाव्या होत्या वसुधाकाकू. सत्तरच्या दशकात इथे आलेल्या, मुलांच्या डॉक्टर, आता रिटायर्ड. त्यांनी उल्हासचा हात धरला आणि म्हणाल्या, "फार छान झालं बाई. आमच्या हॉस्पिटलात एचडीएफएसच्या मुली यायच्या. गुणी मुली."

"हो ना काकू, हॉस्पिटलमध्येसुद्धा डेटा लागतोच."

"कसला डेटा? अरे, ऑपरेशनच्या आधी पोरांना बाहुल्या घेऊन समजवायच्या त्या. भूल कशी देतात, कुठे दुखेल. पोरं हसत हसत आत जायची. काय रे, तुला माहीत नाही लेक काय शिकणार ते?"

काकूंनी मग सगळं सविस्तर सांगितलं. त्यांचा आवाज पहिल्यापासून मोठा. रांग पुढे सरकली तरी उल्हास जागचा हलला नाही. त्याच्या प्लेटमध्ये कुणीतरी श्रीखंड वाढलं, त्याने ते तसंच धरून ठेवलं.

घरी पोचल्यावर गाडीतून उतरून तो तडक घरात शिरला, अंगातला सिल्कचा कुर्ता तसाच, लॅपटॉप उघडला आणि कोर्सची यादी मोठ्याने वाचायला लागला. इन्फन्सी. टॉडलर्स. मॅरेज अँड फॅमिली रिलेशनशिप्स. एजिंग. मग मान वर केली.

"रुचा, हे काय आहे?"

"माझं मेजर."

"हे? अगं, हे होम सायन्स आहे!"

होम सायन्स हा शब्द त्याने असा उच्चारला, जणू मोज्यात काहीतरी ओलं लागलंय. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"मग?" मी म्हटलं. "मीही तेच केलंय."

रुचा माझ्याकडे वळली. "व्हॉट? आई, तू बी.एस्सी. आहेस ना?"

आहेच. नागपूरला, होम सायन्सला, त्यातही बालविकास हा विषय घेऊन. तेव्हा लोक म्हणायचे, वरण-भात शिकायला कॉलेज कशाला. पण कॉलेजचीच एक बालवाडी होती आणि आम्हाला वही घेऊन तासभर एकेका पोराकडे बघत बसवायचे. दिसेल तेवढंच लिहायचं. 'रडला' लिहायचं, 'वाईट वाटलं' लिहायचं नाही. मॅडम वही तपासायच्या आणि मनाचं काही घातलं असेल तर लाल रेघ मारायच्या. ती सवय मला कायमची लागली. लग्न ठरताना बायोडाटावर 'बी.एस्सी. (होम सायन्स)' असं होतं. पुण्याला सासरी आल्यावर पाहुण्यांना सांगताना कंसातलं गळलं. मग व्हिसाच्या फॉर्मवर गळलं, मग माझ्याही तोंडून गळलं. इथे आल्यावर कुणी विचारलं तर मी म्हणायची, "सायन्स ग्रॅज्युएट." खोटं काहीच नव्हतं त्यात. मुलीलाही तेच सांगितलं, आणि मुलीने विचारलंही नाही.

उल्हासला हे माहीत होतं, पण आठवत नव्हतं. ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. "अगं, तसं नव्हतं म्हणायचं मला," तो म्हणाला. मग त्याला खरं दुखणं आठवलं. "एकोणीस लोकांना सांगितलंय मी!"

"मग काकूंसारखं आता त्या एकोणिसांनाही सांग," मी म्हटलं.

रुचा तिथेच उभी होती. शांतपणे म्हणाली, "बाबा, यू वेअर नॉट हॅपी फॉर मी. यू वेअर हॅपी फॉर हडूप." आणि वर निघून गेली. उल्हासला कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. मला त्याची दया आली नाही. खोटं कशाला बोलू.

पण माणूस वाईट नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने आम्हा दोघींना डायनिंग टेबलाशी बसवलं. म्हणाला, "मी चिडलो, सॉरी. आता इमोशन बाजूला ठेवू. मी शीट बनवतो. कॉस्ट एकीकडे, आउटकम एकीकडे. डेटा जे सांगेल ते तिघांनी मान्य करायचं. ओके?"

रुचा म्हणाली, "ओके." तिने दुसरी पसंती म्हणून त्याच युनिव्हर्सिटीत इन्फर्मेशन सायन्स भरलं होतं आणि तिथेही तिला घेतलं होतं. एक मेपर्यंत पोर्टलवर दोन्हींपैकी एका चौकोनात टिक करायची होती. एकदा केली की झालं.

उल्हास शीट करतो तेव्हा बघत राहावं. फ्रिज घेतानाही त्याने केलं होतं. पहिल्या ओळीत राज्याची युनिव्हर्सिटी, एचडीएफएस, हॉस्टेल-जेवण धरून वर्षाला चौतीस हजार डॉलर. दुसऱ्या ओळीत पूर्वेकडचं एक कॉलेज, तोच कोर्स, पण हॉस्पिटलमधली इंटर्नशिप नक्की मिळणार, अठ्ठावन्न हजार. तिसरी ओळ, दोन वर्षं घरी राहून गावातलं कम्युनिटी कॉलेज आणि मग ट्रान्सफर. चारही वर्षांचे मिळून ऐंशी-ब्याऐंशी हजार. चौथ्या ओळीत इन्फर्मेशन सायन्स, खर्च पहिलीएवढाच. मग आउटकम. पहिल्या तीन ओळींत पहिल्या नोकरीचा पगार अडतीस ते बेचाळीस हजार. चौथीत एक्याऐंशी. शेवटी 'पेबॅक' म्हणून एक रकाना, फी वसूल व्हायला किती वर्षं लागतील त्याचा. तिथे त्याने रंग भरले होते. चौथी ओळ हिरवीगार आणि वरच्या तिन्ही लाल.

"बघ," तो म्हणाला. "मी काही बोलतच नाहीये."

रुचाही त्याचीच मुलगी. म्हणाली, "हा पहिल्या वर्षाचा पगार आहे. एचडीएफएसचे कितीतरी लोक पुढे मास्टर्स करतात. काउन्सेलर होतात, सोशल वर्कमध्ये जातात. दहा वर्षांनंतरचा आकडा घे ना."

"मग मास्टर्सची दोन वर्षांची फी पण घेऊ." त्याने घेतली. लाल अजून गडद झालं.

"आणि तिसऱ्या ओळीचं काय? कम्युनिटी कॉलेज? खर्च चाळीस टक्क्यांनी कमी होतो की."

"पगार तोच राहतो ना पण."

असं आठवडाभर चाललं. जेवताना, गाडीत, भांडी लावताना. दोघं एकमेकांना लिंका पाठवायचे. मला यात मजा वाटत होती असं नाही, पण घरात दार आपटलं जात नव्हतं एवढं बरं होतं. रुचा झोपत मात्र नीट नव्हती. डोळ्याखाली काळं आलं होतं, आणि एक मे जवळ येत होता.

एका रविवारी तिने त्याला कॉलेजच्या वेबसाइटवरचे माजी विद्यार्थ्यांचे फोटो दाखवले. तो म्हणाला, "वेबसाइटवर सगळे हसरेच असतात गं. मला एक खरा माणूस दाखव, ज्याने हे केलंय आणि ज्याला आपण ओळखतो."

"आईला टाक शीटमध्ये," रुचा म्हणाली.

मी कणीक मळत होते. उल्हासने माझ्याकडे बघितलं, मी खांदे उडवले. त्याने पाचवी ओळ उघडली. नाव, आसावरी. डिग्री, बी.एस्सी. होम सायन्स. त्या दिवशी त्याने कंस घातला नाही. "फी किती होती?"

"वर्षाला अकराशे रुपये. आणि बसचा पास."

तो हसला. डॉलरमध्ये करून लिहिलं. "पहिला जॉब?"

"त्याच बालवाडीत. महिन्याला अठराशे. आठ महिने केला, मग लग्न."

"ओके. नंतर?"

नंतर काय, ते त्यालाही माहीत होतं. पुण्याला तीन वर्षं सासू-सासऱ्यांजवळ. मग इथे, त्याच्या व्हिसावर अवलंबून असलेली बायको म्हणून. त्या व्हिसावर नोकरी करायची परवानगी नव्हती. अकरा वर्षं नव्हती. परवानगी आली तेव्हा मी चाळिशीच्या उंबरठ्यावर, आणि नागपूरची डिग्री इथे कुणाला कळेना. शेवटी जवळच्या एलिमेंटरी शाळेत मदतनीस म्हणून लागले. ज्या मुलांना वर्गात बसायला, बोलायला, शांत व्हायला जास्त मदत लागते, त्यांच्याबरोबर दिवसभर राहायचं. दहा वर्षं झाली. तासाला एकोणीस डॉलर.

"आउटकम काय लिहू?" उल्हास म्हणाला. खरंच विचारत होता तो, टोमणा नव्हता. "म्हणजे इम्पॅक्ट क्वांटिफाय कसा करायचा?"

"माझ्याकडे एक सहा वर्षांचा मुलगा आहे," मी म्हटलं. "सकाळी बसमधून उतरला की बूट फेकून देतो. सप्टेंबरमध्ये त्याला बूट घालायला चाळीस मिनिटं लागायची. आता चार लागतात. लिही."

त्याला वाटलं मी गंमत करतेय. हसला, आणि आकडे भरले. पेबॅकच्या रकान्यात पोचल्यावर सूत्राने हार मानली. मधल्या अकरा वर्षांत पगाराच्या जागी शून्य होतं, तिथे शून्याने भागलं जात होतं आणि रकान्यात नुसती चूक असल्याची खूण येत होती. त्याने दोन-तीन प्रकारे करून बघितलं. मग खुर्चीत मागे टेकला.

"व्हिसाचा इश्यू होता ना," तो म्हणाला. "हा रो आउटलायर आहे. सगळं अ‍ॅव्हरेज बिघडवतोय. काढून टाकतो."

आणि माउसवर एक बोट दाबून त्याने मला काढून टाकलं.

दिसलं तेवढंच सांगते. रुचाने तोंडावर हात धरला. उल्हासला काही कळलं नाही, तो पुढची ओळ नीट करत होता. मी कणकेचे हात तसेच घेऊन सिंकपाशी गेले, नळ सोडला, हात धुतले, कोट घातला आणि बाहेर पडले. एप्रिल असूनही वारा बोचरा होता. तळ्याला तीन फेऱ्या मारल्या. मला संताप आला होता. डोळ्यांतून पाणी येईल इतका. पंचवीस वर्षं ज्याचं घर चालवलं, ज्याची पोर वाढवली, त्या माणसाच्या शीटमध्ये माझी ओळ म्हणजे अ‍ॅव्हरेज बिघडवणारी भानगड!

परत आले तर पोळ्यांच्या जागी त्याने पिझ्झा मागवला होता. "मी टेक्निकली बोललो गं," तो म्हणाला. "स्टॅटिस्टिक्समध्ये तसं म्हणतात."

मी चार दिवस त्याच्याशी बोलले नाही. मीठ हवं असेल तर रुचाला सांगायची, "बाबाला म्हणावं मीठ सरकव." रुचा निमूटपणे सरकवायला सांगायची आणि आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत बसायची. पाचव्या दिवशी उल्हासने सॉरी म्हटलं, स्टॅटिस्टिक्स न आणता. मी म्हटलं ठीक आहे. आमच्यात भांडण एवढ्यावरच मिटतं. पण मी मनाशी ठरवलं होतं, ही पोर हेच शिकेल. मग भले माझ्या पगारातून फी भरायला लागो.

मधल्या काळात रुचाने वसुधाकाकूंकडून तीन नंबर मिळवले. तिघी एचडीएफएस केलेल्या, तिघीही शिकागोच्या आसपास नोकऱ्या करणाऱ्या. ती एकेकीशी तास-तासभर फोनवर बोलली, दार लावून. वहीत लिहून घेत होती. मी विचारलं, "काय म्हणतात?" तर म्हणाली, "दे आर अमेझिंग, आई." पण चेहरा तसा दिसत नव्हता. मला वाटलं, दमली असेल.

तीस एप्रिलला गुरुवार होता. संध्याकाळी साडेपाचला उल्हास घरूनच काम संपवून खाली आला. मी पोहे भिजवले होते. रुचा लॅपटॉप घेऊन टेबलाशी आली. तिने उल्हासचं शीट उघडलं होतं.

"मी तीन रो टाकलेत," ती म्हणाली. "आणि आईचा परत आणलाय. शी वॉज नॉट अ‍ॅन आउटलायर, बाबा. बघ."

आम्ही दोघं तिच्या मागे उभे राहिलो. पहिली बाई हॉस्पिटलमध्ये, काकूंच्या त्या बाहुल्यांच्या कामाची. दुसरी, बोलायला-चालायला उशीर होणाऱ्या बाळांच्या घरी जाऊन आईवडिलांना शिकवणारी. तिसरी वृद्धांच्या दिवसभराच्या केंद्रात. प्रत्येकीचा पगार, किती वर्षं झाली, कर्ज फिटलं का. आणि 'परत हेच शिकाल का' असा एक रकाना. तिघींच्या पुढे 'हो' होतं. नुसतं हो नाही, त्या कशा कशा हो म्हणाल्या तेही लिहिलं होतं.

"बघ!" मी उल्हासला म्हटलं. मला इतका आनंद झाला, की बास.

"थांब आई." तिने शीट बाजूला सरकवलं. शेवटी एक नवा रकाना होता. त्यावर लिहिलं होतं, 'घरात दुसरा पगार कुणाचा'.

पहिलीपुढे होतं, नवरा, वकील. दुसरीपुढे, नवरा, इन्शुरन्स. तिसरीपुढे, कुणी नाही; दोन मैत्रिणींबरोबर अपार्टमेंट, शनिवार-रविवार दुकानात काम. चौथी मी. माझ्यापुढे तिने लिहिलं होतं, 'बाबा'.

पोह्यांचं पाणी काढायचं राहून गेलं होतं. मी तिथून हलले नाही.

"मी हे कुणालाच विचारणार नव्हते," रुचा म्हणाली. मराठीतच बोलत होती, शब्द शोधून शोधून. "पण त्याच सांगायच्या. आय लव्ह माय जॉब, आणि लगेच, आय अ‍ॅम लकी, माझ्या नवऱ्याचा जॉब चांगला आहे. दोघी सेम टू सेम बोलल्या. आणि तिसरी खूप छान आहे आई, सगळ्यात छान तीच आहे, पण ती फोनवर बोलता बोलता झोपत होती. खरंच झोपत होती." तिने नाक पुसलं. "मला हे आवडतं. अजून आवडतं. मी यात चांगली झाले असते."

उल्हासने तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्याचेही डोळे भरले होते. महिनाभर ज्या हिरव्या ओळीसाठी तो भांडला, ती त्याच्या हातात येत होती, आणि त्याला ती नको होती. त्याने लॅपटॉप अर्धा मिटला.

"अगं, तू घे एचडीएफएस," तो म्हणाला. "खरंच घे. मी सगळ्यांना सांगेन काय असतं ते. खड्ड्यात गेलं ते शीट. पैशाचं टेन्शन तू कशाला घेतेस? मी आहे ना!"

मी आहे ना. हे वाक्य मी अकरा वर्षं ऐकलंय. नोकरीच्या जाहिराती कापून फ्रिजवर लावायची तेव्हा. इथल्या डिग्रीसाठी एक-एक कोर्स करू का विचारलं तेव्हा. दर वेळी त्याने असंच, अगदी मनापासून म्हटलं, आणि खरोखर तो होताच.

रुचाने वर बघितलं. "तेच तर, बाबा," ती म्हणाली.

तिने लॅपटॉप पुन्हा उघडला, पोर्टलवर गेली. दोन चौकोन होते. तिने इन्फर्मेशन सायन्सवर टिक केली. पोर्टलने विचारलं, नक्की का. ती थांबली. माझ्याकडे वळली.

"आई? तुला मी विचारलंच नाही. तू परत हेच शिकशील?"

तिच्या वहीत तीन बायकांचं हो होतं. माझं एक मिळालं असतं तर तिने ती टिक काढली असती, हे तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. चार मिनिटांत बूट घालणारा तो मुलगा डोळ्यांसमोर होता. त्याच्यासाठी मी दहा वेळा हो म्हटलं असतं. मी तोंड उघडलं.

"तुझं तू ठरव," मी म्हटलं.

तिने मान हलवली आणि नक्की म्हणून दाबलं. मग वर गेली. उल्हास मटकन खुर्चीत बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला. मी पोह्यांपाशी गेले. त्यांचा लगदा झाला होता. तो कचऱ्यात टाकताना मला कळलं, की माझ्या छातीवरचं काहीतरी उतरलंय. मुलगी माझ्यासारखी होणार नाही, याचं मला हायसं वाटत होतं. मनापासून हायसं वाटत होतं. माझी ओळ काढून टाकल्याबद्दल मी उल्हासला माफ करून टाकलंय, असं हायसं वाटल्याबद्दल स्वतःला नाही.